बाबांनी ब्रेकमध्ये टाकलेलं तेल

मित्रहो, आज माझं डोकंच चालंना झालंय.

सकाळी गावाहून, उमरीहून, लातूरला घरी निघालो. आमची जुनी गाडी पुढून खडखड वाजतेच, म्हणून ती जड चालायला लागली तेव्हा वाटलं, सस्पेन्शनच गेलं. लोह्याच्या अलीकडे जळका वास आला. उतरून चाकाजवळ हात नेला तर चटकाच बसला. ब्रेक चाकांना धरून बसले होते. मागच्या सीटवर माझी लेक झोपलेली.

लोह्याहून बोलावलेल्या मेकॅनिकने ब्रेक ऑइलच्या डबीत बोट बुडवलं. "भाऊ, याच्यात ट्रॅक्टरचं तेल कुनी टाकलं? आतले सगळे रबर फुगलेत. जाम झाले म्हणून तुमी वाचले. फेल झाले असते तर?"

आम्ही निघायच्या आधी बाबा दर वेळी बॉनेट उघडून सगळं बघतात. जन्मभर ट्रॅक्टर सांभाळलेला माणूस. गुडघ्यांमुळे शेत सुटल्यापासून त्यांच्या हाती तेवढंच काम उरलंय.

गाडी उघडून पडलेली असतानाच त्यांचा फोन आला. "पोचला का? ब्रेक कसे लागून राहिले? तेल कमी होतं, म्या टाकलं."

"चांगले लागून राहिले, बाबा."

"मंग! उरलेलं जपून ठिवलंय. पुढच्या बारीला टाकू."

पुढच्या रविवारी परत गावी जायचंय. खरं सांगितलं तर ते पुन्हा कधी बॉनेटला हात लावणार नाहीत. नाही सांगितलं तर मागच्या सीटवर माझी लेक असते.

तुम्ही काय केलं असतं?