वरचं प्लास्टिक

आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढण्याचा अधिकार फक्त मला आहे, आणि तो मी आजवर एकदाच वापरला आहे. टीव्हीचा रिमोट सात वर्षं पिशवीत आहे. (आकडे दिसत नाहीत, पण आवाज अंदाजाने वाढवता येतो.) उन्हाळ्यात पाहुणा सोफ्यावरून उठला की सोफ्याचं कव्हरही थोडं त्याच्यासोबत उठतं. मी ब्रह्मपुरीच्या शाळेत विज्ञान शिकवतो, आणि वस्तू जपणं हे माझ्या मते विज्ञानच आहे.

अशा माणसाने गडद निळी चारचाकी घेतली. गाडी दारात उभी राहिली त्याच दिवशी वनिता, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "येत्या रविवारी मायले भेटून येऊ. तिनं साऱ्या गावाले सांगून ठेवलं, जवाई गाडी घेऊन येऊन राह्यले म्हणून."

तिचं माहेर सिंदेवाहीच्या पुढे, जंगलात. शेवटच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंची काटेरी झुडपं इतकी आत आलेली, की एसटीसुद्धा तिथून अंग चोरून जाते. माझ्या डोळ्यांसमोर निळ्या रंगावरचे पांढरे ओरखडे उभे राहिले.

"आधी रंगाचा बंदोबस्त करू, मग जाऊ," मी म्हणालो.

हे 'मग' पाच महिने चाललं. तिकडे सासूबाई दर रविवारी अंगणात सडा टाकायच्या, ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर बसायच्या आणि अंधार पडला की कोंबड्या कोंडून आत जायच्या. तक्रार कधी केली नाही. फोनवर वनिताला फक्त विचारायच्या, "जवाईबापूच्या गाडीचा रंग अजून वाळला नाई का?"

उशीर होण्याचं कारण शास्त्रीय होतं. गाडीला सिरॅमिक कोटिंग करायचं की फिल्म लावायची, यावर माझा आणि माझ्या मेहुण्याचा, प्रशांतचा, वाद पेटला होता. प्रशांतचं नागभीडला मोबाईलचं दुकान. दिवसभर लोकांच्या मोबाईलला काच चिकटवणारा हा माणूस गाडीला मात्र काही चिकटवू नका म्हणत होता.

"भाऊजी, सिरॅमिकच करा. लेप लावला का गाडी आरशावानी चमकते. पाणी टाकलं का थेंब पळते."

"थेंब पळेल. पण पुढच्या टिप्परने गिट्टी उडवली तर?"

"टिप्परच्या मागं चालवता काऊन?"

"आणि झुडपं?"

"झुडपाच्या गावी तुम्ही जाता कुठी?"

माझं मत पक्कं होतं. सिरॅमिकने चकाकी येते, धूळ-पाणी टिकत नाही, पण ओरखडा शेवटी रंगालाच लागतो. फिल्म म्हणजे जाड, पारदर्शक कातडी. ओरखडा ती स्वतःच्या अंगावर घेते. नागपूरच्या दुकानदाराने माझ्यासमोर फिल्मवर तारेचा ब्रश घासला, वर गरम पाणी ओतलं आणि ओरखडे मिटून गेले. मी भर दुकानात टाळी वाजवली. "दहा वर्षं बघायचं काम नाही, सर," म्हणत त्याने गॅरंटीचं कार्ड दिलं. ते मी देवाच्या फोटोसारखं पाकिटात ठेवलं. (लॅमिनेट करून, अर्थात.)

"पहिला ओरखडा दिसला का तुम्ही हारले," प्रशांत म्हणाला.

"आणि नाही दिसला तर?"

"तर साऱ्या पाव्हण्यांसमोर म्हणीन, भाऊजी बरोबर होते."

हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मी जन्मभर थांबलो होतो.

फिल्म लागली. वनिताने बॅग भरली. मी म्हणालो, "थोडा गोंद बसू दे." त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं, आणि तसं बोलून दाखवण्याची माझी हिंमत झाली नाही.

शेवटी सासूबाईच निघाल्या. एप्रिलच्या उन्हात, एसटी बदलत, मोहफुलांची आणि चारोळीची पिशवी घेऊन त्या ब्रह्मपुरीला पोचल्या तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होतो. तीन वाजता घरी आलो. गाडी उन्हात उभी होती. शेजारी पाटावर सासूबाई, पुढ्यात गरम पाण्याचं पातेलं, हातात पोळ्या उलटायचा स्टीलचा सराटा. आणि बाजूला माझी फिल्म, लुगड्याच्या घड्या घालाव्या तशी नीट घडी करून ठेवलेली.

"या जवाईबापू," पदर सावरत त्या म्हणाल्या. "तुम्हाले शाळेतून सवड नाई, म्हणून म्याच काढून टाकलं. नवी गाडी अन् वरचं प्लास्टिक तसंच. समोरचं लय चिवट होतं, पण उन्हानं नरम झालं, मंग निघालं."

आमच्याकडे सासू जावयासमोर फार बोलत नाही आणि जावई सासूपुढे आवाज चढवत नाही. एवढी वाक्यं त्या माझ्याशी लग्नानंतर पहिल्यांदाच बोलल्या होत्या. बोनेटवर सराट्याच्या तीन रेघा चमकत होत्या. मी तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर आलं, "फार छान केलंत."

स्वयंपाकघरात जाऊन मी वनिताला हळू आवाजात विचारलं, "तू थांबवलं नाहीस?"

"थांबवणार होती," ती म्हणाली. "पण माय म्हणे, रंग वाळलेला दिसते, आता वरचं प्लास्टिक काढलं का जवाई गावाले निघतीन. मंग मीबी एक टोक धरलं."

मला लाज वाटली. पाच महिने त्या बाईने ओट्यावर बसून माझ्या गाडीचा रंग वाळायची वाट पाहिली होती, आणि मी थेंब पळतात की नाही यावर भांडत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. सासूबाई पुढच्या सीटवर, काच खाली करून. सीटच्या प्लास्टिकवर हात फिरवत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडी थांबवली आणि ते स्वतः फाडलं. (वनिताने तारीख लिहून ठेवली आहे.) शेवटच्या रस्त्यावर झुडपं खर्र, खर्र करत दोन्ही बाजूंनी घासू लागली, तसा मी दर वेळी अंग चोरत होतो, जणू गाडी मीच आहे.

"आपल्याकडची झाडं पाव्हण्याले हात लावल्याबिगर सोडत नाईत," सासूबाई म्हणाल्या. गावात शिरताच त्यांनी मला गाडी हळू घ्यायला सांगितलं. प्रत्येक ओट्यावरच्या बाईला त्या नावाने हाक मारत होत्या. इतकी हळू गाडी मी शिकतानाही चालवली नव्हती.

पावसाळा संपल्यावर सगळे पुन्हा तिकडे जेवायला जमलो, प्रशांतही होता. अंगणात कोंबड्यांचं खुराडं उन्हात आरशासारखं चकाकत होतं. सासूबाईंनी माझी फिल्म वाया घालवली नव्हती, वरून खाली नीट चिकटवली होती. कोंबड्या दिवसभर त्यावर नखं घासत, ऊन पडलं की ओरखडे मिटून जात. अख्ख्या पावसाळ्यात आत थेंब गळला नव्हता. प्रशांतने खुराड्यावरून हात फिरवला, माझ्या गाडीकडे पाहिलं, पुन्हा हात फिरवला आणि साऱ्या पाहुण्यांसमोर मान खाली घालून म्हणाला, "भाऊजी बरोबर होते."

मी पाकिटातून गॅरंटीचं कार्ड काढून सासूबाईंच्या हवाली केलं. फिल्म निवडण्यात माझी काडीचीही चूक झाली नव्हती. लावताना तेवढं वाहन चुकलं!