अटॅक जुना झाल्याचे पेढे

वेलचीचा वास आला की ठाण्यातलं आमचं मेडिकल कोडिंगचं ऑफिस आठवतं. पेशंटच्या फाइली वाचून आजाराला कोड द्यायचा, हे आमचं काम. हार्ट अटॅक चार आठवडे ताजा धरायचा, मग जुना. दोन्हींचे कोड वेगळे. आमच्या सीनियर मॅडमच्या मिस्टरांना अटॅक आलेला, तरी त्या अटॅकच्याच फाइली शांतपणे करत बसायच्या. मी एक मागितली तर म्हणाल्या, "राहू दे गं, यातले बरेच जण घरी गेलेत." एका दुपारी त्यांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला. "घ्या रे, आजपासून ह्यांचा अटॅक जुना." आम्ही हसलो आणि त्या पहिल्यांदाच रडल्या. काल माझ्या बाबांच्या अटॅकला चार आठवडे झाले. आज डोंबिवलीत पेढे घेताना दुकानदाराने विचारलं, "कोण पास झालं?" मी म्हटलं, "बाबा."