नाश्त्यासकट खोली घ्यावी का? मुलांना घेऊन मालवण

"नाश्ता धरून खोली घ्यायची की नाश्त्याशिवाय?" हा प्रश्न आमच्या घरात जितका चघळला गेला, तितका आमच्या लग्नाचा मुहूर्तही चघळला गेला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जायचं एवढं नक्की होतं. यांच्या कचेरीतल्या एका मालवणकराने स्टँडजवळचा लॉज सुचवला होता आणि तिथे सकाळचा नाश्ता भाड्यातच धरलेला होता. हे खूश. "तिकडे जाऊन सकाळी सकाळी स्टोव्हशी झटापट नको. उठायचं, खायचं, फिरायला जायचं."

"आणि कुंदाने तो खाल्लाच नाही तर?" मी म्हणाले. तरी त्यांनी नाश्त्यासकटच खोली ठरवली.

कुंदा आमची धाकटी, सहा वर्षांची. उन्हाळ्यात तिला विषमज्वर झाला. आठवडेच्या आठवडे तिच्या पोटात पेजेशिवाय काही गेलं नाही: पांढरी, गाळलेली, मीठ दिसेल न दिसेल अशी. ताप गेला, केस गेले, केस परत यायला लागले, पण भूक काही परत आली नाही. पेजेचं नाव काढलं की ती तोंडावर हात दाबायची. पुढे पुढे कुठल्याही ताटासमोर तिचं तेच. डॉक्टर म्हणाले, आता पोटात दोष नाही, हवापालट करा, समुद्रावर न्या. घरात आम्ही 'पेज' हा शब्दच बंद करून टाकला. थोरल्या नंदूला मी दोनदा दटावलं होतं. तेव्हा वाचकहो, किल्ला, समुद्र, माडांच्या बागा हे सगळं माझ्या दृष्टीने नंतरचं. मला माझी पोर पोटभर जेवताना बघायची होती.

कोल्हापूरहून आम्ही पहाटेची एस.टी. धरली. मुलं बरोबर असतील तर पुढची बाकं मिळवा. मागे बसलात तर आंबोलीच्या घाटात पोटातलं सगळं बाहेर येतं आणि मग नाश्त्याची चर्चाच नको. आंबोलीला इतकं धुकं होतं की गाडी थांबली तरी गाव दिसेना. नंदूने ड्रायव्हरला विचारलं, "इथे आंबोळी मिळते का हो?"

"ही आंबोली. आंबोळी खाली उतरल्यावर," ड्रायव्हर म्हणाला, आणि गाडीभर हशा झाला. कुंदाही हसली. हसतेय तोवर काहीतरी घालावं म्हणून मी धावत उतरले, टपरीवरून गरम भजी आणली. तिने एक भजं अर्धं कुरतडलं आणि उरलेलं भावाच्या हातात दिलं. गाडी सुरू झाली तरी मी उभीच होते. कंडक्टर म्हणाला, "बाई, बसून घ्या."

सावंतवाडीला गाडी बराच वेळ थांबते. लाकडी खेळणी इथेच घ्या, पुढे मालवणात तशी निवड नाही. नंदूला भोवरा घेतला, कुंदाला भातुकली. कुडाळला गाडी बदलली. बाजाराचा दिवस असल्यामुळे टोपल्या, कोंबड्या आणि आम्ही असे एकाच गाडीतून तांबडी धूळ खात संध्याकाळी मालवणात उतरलो. वाटेत कुंदाने बाहुलीला चारदा जेवू घातलं. स्वतः एक केळं खाल्लं.

लॉज स्वच्छ होता, ते आधी सांगते. माडीवरच्या खोलीत वारा भरपूर. मॅनेजर कचेरीतल्यासारखं शुद्ध बोलणारे गृहस्थ होते. "नाश्ता सकाळी लवकर मिळेल. त्यानंतर दुपारपर्यंत स्वयंपाकघर बंद असतं, एवढं कृपया ध्यानात ठेवा."

ध्यानात काय ठेवायचं, मी रात्रभर त्याच काळजीत होते. सकाळी मुलांना झोपेतून ओढून खाली नेलं. पाव, उसळ, बेदाणे घातलेला शिरा. शिऱ्याला नाव ठेवायला जागा नव्हती. पण नंदूचे डोळे मिटत होते आणि कुंदा पावाच्या गोळ्या करून बशीच्या कडेने मांडत होती. यांनी मात्र पैसे दिलेत म्हणून चौघांच्या वाटचं खाल्लं आणि मग दुपारपर्यंत लिंबू-सोडा पीत बसले. उन्हं वर आली, मुलं वाळूत धावली, आणि नंदूने भूक भूक म्हणून डोकं खाल्लं तेव्हा लॉजचं स्वयंपाकघर बंद आणि बाजारातल्या हॉटेलात फक्त चहा न् कालची शेव. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नाश्ता वाईट नव्हता. पण नाश्त्याची वेळ आणि पोरांच्या भुकेची वेळ यांची गाठच पडत नव्हती.

माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. समुद्राकडे बघायची आणि मनात कुंदाचे घास मोजायची. त्या दुसऱ्या सकाळी गावालगतच्या दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढत होते. पन्नासएक माणसं दोन बाजूंनी दोर धरून लांबलचक जाळं वाळूवर ओढतात. मुलांनी बघण्यासारखी गोष्ट आहे, चुकवू नका. नंदूने दोराला हात लावला, कुंदानेही लावला. जाळं आलं, बांगडे उड्या मारायला लागले, वाटणी सुरू झाली. पाटी घेऊन आलेल्या एका बाईंनी नंदूचा उतरलेला चेहरा बघितला आणि मला खणखणीत आवाजात विचारलं, "पोरांका पेज दिलंस काय गो?"

मी कुंदाकडे बघितलं. ती वाळूत बांगडा बोटाने टोचत होती.

"आमच्याकडे आजारी कोणी नाही हो," मी घाईने म्हणाले.

"आजारी?" बाईंनी पाटी खाली ठेवली. "पेज काय आजाऱ्याची आसता? म्हंजे आमचो सगळो गाव आजारी आसा काय?"

त्या चांगल्याच चिडल्या. देशावर पेज म्हणजे आजाऱ्याचं खाणं. इथे ती सकाळच्या कामानंतरची रोजची न्याहारी असते, हे मला काय ठाऊक? मी त्यांना हाताला धरून माडांच्या सावलीत नेलं आणि कुजबुजत सगळी हकीगत सांगितली. याच पुढे आमच्या काकी झाल्या. घर किनाऱ्याला लागूनच, मुलगा मुंबईला, घरात पडवीची खोली रिकामी. त्यांनी ऐकून घेतलं, पोरांना आपल्या घरी जेवू घालायचंही ठरवलं, पण राग पुरता गेला नव्हता.

"मगे तेका म्हणूचा तरी काय?"

"काहीही म्हणा. भात म्हणा."

"भात? भात दुपारचो! ह्या वक्ताक भात कोण म्हणतलो?" मग स्वतःच हसल्या. "माझ्याच घरात माझ्या पेजेचा नाव घेवचा नाय! बरा, चला."

काकींच्या ओसरीवर मुलं बसली. पुढ्यात आलं ते आमच्या घरच्या पेजेसारखं मुळीच दिसत नव्हतं. लालसर उकडे तांदूळ, आख्खी शितं, दाट पाणी, वरून खोबरं. बाजूला निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा आणि आंब्याचं लोणचं. चमचा म्हणाल तर फणसाचं पान दुमडून काडीने टोचलेलं. कुंदाने तो चमचा उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. मग बुडवला आणि तोंडात घातला.

मी खांबाला धरून उभी. तिने दुसऱ्यांदा पान बुडवलं. मग बांगड्याचा तुकडा मोडला. मग पुन्हा पान. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी विहिरीकडे तोंड केलं.

"बस गो बाय," काकी म्हणाल्या. "उबी कित्याक? तुजा चेडू जेवता आसा मां." त्यांनी माझ्यासाठीही ताटली भरली होती. मी ती हातात घेतली, दोन घोट उभ्याउभ्याच घेतले आणि पुन्हा कुंदाकडे बघत राहिले.

त्याच दुपारी आम्ही लॉज सोडून काकींच्या पडवीत आलो. मॅनेजरांनी विचारलं, "नाश्त्यात काही कमी पडलं का?" मी म्हणाले, "नाही हो, भूकच उशिरा लागते." यांना मात्र उद्याच्या शिऱ्याचं फार वाईट वाटलं.

आणि इथून माझी खरी परीक्षा सुरू झाली. कारण उन्हं जरा वर आली की अख्खं मालवण एकमेकांना एकच प्रश्न विचारतं: "पेज जेवलंस?" कुंपणापलीकडची शेजारीण विचारते, टपाल टाकायला आलेला पोस्टमन विचारतो, जाळं विणत बसलेले म्हातारे रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारून विचारतात. हा प्रश्न कानावर पडायच्या आत मी खोकायची. खोकला पुरेना तेव्हा कळशी आपटायची. एकदा तर भर रस्त्यात मोठ्याने आरती म्हटली. नंदूला यात फारच मजा वाटायला लागली. त्याला लागलेली खोकल्याची ढास मालवण सोडेपर्यंत थांबली नाही.

किल्ला बघायला होडीने जायचं असतं. सकाळी वारा कमी असतो, मुलं घाबरत नाहीत, तेव्हा सकाळीच जा. आम्ही धक्क्यावर पोचलो आणि होडीवाला म्हणाला, "वायच थांबा, पे–"

"लाटा किती आहेत हो आज!" मी ओरडले.

तो बिचारा शांत समुद्राकडे बघतच राहिला. मग पेज जेवूनच आला.

एक दिवस शिरोड्याला जायचं ठरलं होतं. तिथला किनारा फार सुंदर म्हणतात. आम्ही गेलो नाही. पहाटेची गाडी धरली असती तर काकींच्या ओसरीवरची सकाळ बुडाली असती आणि वाटेत कुंदाने काय खाल्लं असतं? यावरून हे चिडले. "आपण इथे समुद्र बघायला आलोय की पोरीचं तोंड?"

"पोरीचं तोंड," मी म्हणाले.

ते चपला घालून एकटेच किनाऱ्यावर गेले. परत आले तेव्हा हातात फणसाची पानं होती. ओसरीवर बसून काड्या टोचत त्यांनी चमचे केले. एकही धड झाला नाही. कुंदाने त्यातलाच एक गळका उचलला आणि ताटली पुढे केली. काकींनी दुसऱ्यांदा वाढलं. तिने तेही संपवलं.

निघताना काकींनी उकड्या तांदळाची पिशवी दिली. गाडीत बसल्यावर खिडकीशी येऊन मला हळूच म्हणाल्या, "घराक गेल्यार काय सांगान वाढतलंस?" मी म्हणाले, बघू काहीतरी. गाडी सुटली. घाट चढताना दोन्ही मुलं झोपली आणि मी त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधत आंबोलीपर्यंत जागी राहिले.

तेव्हा, नाश्त्यासकट खोली घ्यावी का? मोठी माणसं असाल तर खुशाल घ्या, शिरा उत्तम मिळतो. मुलं बरोबर असतील तर भाड्यात धरलेल्या नाश्त्याला भुलू नका. सकाळी त्यांना चहा-दूध द्या, वाळूत सोडा, दमू द्या, आणि उन्हं वर आली की कुणाच्या तरी ओसरीवर पेज मिळते का बघा. विचारायला लाजू नका. मालवणात हा प्रश्न विचारल्याचं कुणाला नवल वाटत नाही.

घरी आल्यावरच्या पहिल्या रविवारी मी तो तांदूळ शिजवला. आमच्या गल्लीत फणस कुठला? साधा चमचाच ठेवला. खोबरं घातलं, बांगडा भाजला, शेजारपाजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. "चला, मालवणचा भात झालाय!" मी हाक मारली. आवाज जरा जास्तच वर गेला असावा.

कुंदा पाटावर बसली. चमचा उचलला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, ही पेज आहे ना?"

नंदू सवयीने खोकला.

"तिथेही पेजच होती," ती म्हणाली. "काकी किनाऱ्यावर मोठ्याने म्हणाल्या होत्या. मला ऐकू आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सारखी खोकत होतीस. मला वाटलं, तुलाच तो शब्द ऐकवत नाही."

हे वर्तमानपत्राआडून हसायला लागले. मला हसूही येईना आणि रडूही. मी ओट्याला टेकून उभी राहिले. कुंदाने दोन चमचे खाल्ले, तिसरा भरला, आणि काहीतरी आठवल्यासारखी थांबली. माझ्या हातात ताटली नव्हती, हे तिने बघितलं. मग ती पाटावर जरा सरकली, शेजारी जागा केली आणि हुबेहूब काकींच्या आवाजात म्हणाली, "आई, पेज जेवलंस गो?"

मी नाही म्हणाले, आणि खाली बसले.