मिरचीचा ठसका

आधीच सांगून टाकते – मी या पानावर फक्त वाचायला येते आणि बहुतेक अनुभव वाचून हसते. मी विज्ञान शिकवते. नारळातून आग काढणारे बुवा तो प्रकार कसा करतात, ते दरवर्षी पोरींना स्वतः करून दाखवते. त्यामुळे माझ्यावरच असं काही लिहायची वेळ यावी, हे ओळखीच्यांनी वाचलं तर महिनाभर माझी खेचतील. खेचू देत.

मी नंदुरबार जिल्ह्यात मुलींच्या एका खाजगी वसतिगृहाची अधीक्षिका आहे. प्रकाशा गावाहून शहाद्याकडे येताना आत वळलं की आमचं गाव. नाव सांगत नाही. पोरी बहुतेक सातपुड्यातल्या, घरी पावरी बोलणाऱ्या. दिवाळीनंतर त्यांचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि पोरी आमच्या भरवशावर राहतात. पाचवीतली रविता तर तेव्हा नवीनच होती. मराठी जेमतेम, आईचा फोन लागायचा नाही. दिवसभर माझ्या ओढणीचं टोक धरून फिरायची. ती डोळ्यांसमोर ठेवा, कारण पुढचं सगळं मला तिच्यामुळे जास्त लागलं.

हिवाळ्यात आमच्याकडे वर्षाचं तिखट होतं. नंदुरबारच्या बाजारातून लाल मिरची येते, गच्चीवर वाळते, मग अंगणात मोठ्या कढईत थोड्या तेलावर भाजतात. स्वयंपाकाच्या लीलामावशी नाकातोंडाला पदर बांधून उलथनं फिरवतात आणि अख्खं वसतिगृह खोकत असतं. कुत्रंसुद्धा फाटकाबाहेर जाऊन बसतं.

त्या दिवशी हेच चाललेलं असताना संस्थेचे अध्यक्ष अण्णा एका तरुणाला घेऊन आले. त्याचं नाव लिहीत नाही, प्रशिक्षक म्हणू. अण्णांच्या भाच्याचा दोस्त. पोरींना धावणं शिकवणार.

“मॅडम, पोऱ्या सोनाना शे,” अण्णा म्हणाले. “पगार बी मांगत नही.”

फुकट ते पौष्टिक! मलाही आनंदच झाला. अंगणातच खुर्च्या टाकल्या, चहा झाला. प्रशिक्षक बोलायला गोड. पोरींची नावं विचारत होता. कढईतला धूर सरळ आमच्या अंगावर येत होता आणि मी आरामात बिस्किट खात होते. ते दोघं गेले, फाटक लागलं आणि मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. पोरींच्या खोल्यांतूनही एकदम खोकल्याचा गलका उठला. तेव्हा कुठे लक्षात आलं... इतका वेळ कोणीच खोकलं नव्हतं.

लीलामावशींनी तोंडावरचा पदर काढला. “ताई, कोन व्हता तो?”

“का हो?”

“दिष्ट काढतांना मिरची इस्तवमा टाकी अन् ठसका उठना नही, म्हंजे नजर वाईट शे. आठे तं कढईभर मिरची जळी ऱ्हायनी व्हती.”

मी म्हटलं, मावशी, वाऱ्याची दिशा बदलली असेल. त्या उलथनं फिरवत राहिल्या.

आता थोडं नियमाचं सांगते, कारण खरा घोळ तिथेच आहे. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी लागते. मुलांविरुद्धच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस अशा कामावर ठेवता येत नाही. कागदावर सगळं नीट आहे. पण सरकारी काम अन् सहा महिने थांब! त्यामुळे आमच्याकडची रीत अशी, की पडताळणीचा अर्ज केल्याची पावती फाइलला लावायची आणि माणसाला कामाला लावायचं. दाखला येईल तेव्हा येईल. आमचा वॉचमन, शिकवणीची बाई, सगळे पावतीवरच लागलेले. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

काही दिवसांनी प्रशिक्षक ती पावती आणि आपल्यावर गुन्हा नसल्याचं हमीपत्र घेऊन एकटाच आला. मी सही केली की दुसऱ्या दिवसापासून तो आत.

पेन हातात घेतलं आणि मला माझाच राग आला. मावशींचं बोलणं डोक्यात घोळत होतं. म्हटलं, प्रयोग करून टाकू, म्हणजे डोक्यातून जाईल. “चला, चहा घ्या,” म्हणून त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि मावशींना बाजूला करून तव्यावर मूठभर मिरच्या मीच टाकल्या. खिडक्या लावलेल्या, एक्झॉस्ट फॅन बंद. मधलं दार उघडं, पलीकडच्या जेवणघरात पोरी जेवत होत्या.

मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या. धूर छतापर्यंत गेला. मी तव्यावर वाकून श्वास घेतला... काही नाही. कोमट वाफेसारखं. पोरी निवांत जेवत होत्या.

“काय मॅडम, तुमनी मिरची तिखट नही का?” तो हसत म्हणाला. मग म्हणाला, “पहाटे पोरीस्ले मैदानवर मी एकटाच लई जासू. बाकीना कोनी नको. त्यास्नं ध्यान तुटस.”

रविता ताट घेऊन दारात उभी होती. तो तिच्याकडे पाहून हसला आणि ती माझ्या मागे आली.

मला भीती वाटली. सरळ सांगते.

पण “मिरची झोंबली नाही म्हणून तुम्हाला घेत नाही” असं कोणाला सांगणार? म्हणून मी कायदा सांगितला. दाखला हातात आल्याशिवाय फाटकाच्या आत पाऊल नाही. आणि आधी कुठे राहत होतात? तो म्हणाला, सुरतेत, उधन्याला. मग तिथल्या पोलिसांचाही दाखला आणा.

तो गेला आणि मागे जेवणघरात सगळ्या पोरी ठसकायला लागल्या. रविताला तर उचकीच लागली.

अण्णा संध्याकाळी तणतणत आले. “पावती शे ना! बाकीना कसा लागनात मंग?” मुद्दा बरोबर होता. माझ्याकडे फक्त हट्ट होता. पुढे इथल्या ठाण्याचा दाखला आला – कोरा, एकही गुन्हा नाही. अण्णांनी तो टेबलावर आपटला.

“देखा? आते काय मुंबईना बी आनू का?”

“उधन्याचा आणा, अण्णा.”

“मॅडम, अधीक्षिका दुसऱ्या बी भेटतीस,” ते म्हणाले. त्या रात्री मला झोप नव्हती. नोकरी माझ्या घराला लागते, आणि जाणार कशापायी, तर मिरचीपायी! हसावं की रडावं कळेना.

उधन्याचा दाखला आलाच नाही. प्रशिक्षकाचा फोन बंद झाला. बऱ्याच दिवसांनी अण्णा आले, खुर्चीत बसले आणि टोपी काढून सांगायला लागले. भाच्याने तिकडे चौकशी केली होती. शिकवणीच्या एका लहान पोरीशी वाईट वागल्याबद्दल प्रशिक्षकाला शिक्षा झालेली. ती भोगून सुटला आणि गावाकडे आला. इथल्या ठाण्यात नोंद नव्हती, कारण गुन्हा इथला नव्हताच.

“म्या त्याले घर जेवाले बसाडं व्हतं,” अण्णा म्हणाले. “मन्ही नात त्याले भाकर वाढी ऱ्हायनी व्हती.” मग त्यांनी वर पाहिलं. “मॅडम, तुमले कसं समजनं?”

“नियम आहे, अण्णा,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

याचं लॉजिक मला आजही लागलेलं नाही. मिरचीत काय असतं, ते नाकाला का झोंबतं, हे मी फळ्यावर लिहून समजावू शकते. तो उभा असताना ते का झोंबत नव्हतं, हे नाही सांगता येत. वारा म्हणावं तर दुसऱ्यांदा खिडक्या बंद होत्या. मनाचे खेळ म्हणावेत तर पलीकडे जेवणाऱ्या पोरींना मी काय टाकलंय हे माहीतसुद्धा नव्हतं. कोणाला सुचलं तर खाली लिहा.

त्यानंतर मी पावतीवर लागलेल्या सगळ्यांचे दाखले मागवले, जिथे जिथे राहिले तिथले सगळे. ते येईपर्यंत एकालाही आत घेतलं नाही. वॉचमन अजून माझ्यावर रुसलेला आहे. लीलामावशी म्हणाल्या, “कसाले इतकं, ताई? मिरची शे ना आपली.” मी म्हटलं, मावशी, मिरचीने एकदा सांगितलं. पुढच्या वेळी सांगेलच, असं कुठे लिहिलंय?

पण यंदा अंगणात पुन्हा कढई चढली, तेव्हा मी ओढणी नाकाला न लावता तिथेच उभी राहिले. रविता धावत आली, खोकून खोकून लाल झालेली, आणि मला आत ओढायला लागली. माझेही डोळे वाहत होते. मी म्हटलं, थांब गं जरा... सगळ्यांना खोकू दे.