कडा जुळल्या तरच

एकलहऱ्याच्या आमच्या शाळेसमोर एक बाई रोज गोधड्या शिवत बसायच्या. मी चौथीला शिकवते. माझ्या मुलांना चौरस काही केल्या कळेना, म्हणून एक दिवस त्या बाईंनाच वर्गात घेऊन आले.

बाई मोजपट्टीला हात लावत नसत. जुन्या लुगड्याचा तुकडा टर्रकन फाडायच्या आणि कोपऱ्याला समोरचा कोपरा लावून तिरका दुमडायच्या. कडा जुळल्या तर मान हलवायच्या, नाही तर दातात दोरा धरूनच "च्यक्" करायच्या. आठवड्याभरात मुलं रुमाल, पोळी, हाताला लागेल ते दुमडून बघायला लागली.

मग तपासणीला साहेब आले.

"मावशी, तुमचं शिक्षण किती?" त्यांनी विचारलं.

"दुसरी. तुमच्या हातातला तो कागूद द्या बरं."

मुलांना वाटायला आणलेला तो कागद होता आणि त्यावर ठळक छापलं होतं, 'चौरस'. बाईंनी तो दुमडला. एका बाजूला बोटभर पट्टी बाहेर राहिली.

"नाव छापल्यानं चौरस व्हत नाय, साहेब. असला तुकडा लावला तर आख्ख्या गोधडीला झोळ पडतो."

मुलं खदखदून हसली. मीही हसले, आणि साहेबांनी ते पाहिलं.

जाताना त्यांनी शेरा लिहून दिला : 'अशिक्षित व्यक्तीस वर्गात शिकवू देऊ नये.' तो शेऱ्याचा कागद मी कोपऱ्याला कोपरा लावून दुमडला. कडा जुळल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फळ्यापाशी उभं केलं आणि माझा खडू त्यांच्या हातात दिला.