बोहनीचा डाव

"काका, तुमचं विमान डोंगरात घुसतंय."

फोनवरचा सत्यम इतक्या थंडपणे बोलला की बंकटच्या हातातला झेरॉक्सचा कागद गळून पडला. पाटोद्याच्या स्टँडमागं बंकटचं दुकान. एके काळी तिथं गेमच्या खोक्यांपुढं रांग लागायची. आता एकच खोकं उरलेलं. त्याच्या पोटात कॉम्प्युटर, त्यात जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा एम्युलेटर. त्यावर विमानाचा खेळ शेवटपर्यंत खेळून बंकटनं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. विक्रम नोंदवणाऱ्या ग्रुपवर ते तपासायचं काम सत्यमचं.

"आरं, म्या तर डोंगर कवाच वलांडला!"

"तुमच्याकडं ओलांडला असेल. माझ्याकडं आपटला. उद्यापर्यंत नीट फाइल द्या काका, लोक बनावट म्हणायला लागलेत."

बनावट! ज्याचा खेळ बघायला मांजरसुंब्याहून पोरं यायची, तो खोटा?

हे रेकॉर्डिंग म्हणजे व्हिडिओ नव्हे. कोणतं बटण कधी दाबलं, एवढंच त्यात असतं. तपासणाऱ्याच्या मशीनवर खेळ नव्यानं चालतो. सुरुवातीला दोन्हीकडची मेमरी कोरी हवी. जुना स्कोअर आत राहिला, की शत्रू भलत्याच वेळी येतो आणि बंकटच्या गोळ्या रिकाम्या आभाळात सुटतात.

"कोरीच तर केलती!" म्हणत त्यानं सेव्ह मेमरीचं फोल्डर पुन्हा रिकामं केलं आणि तीच फाइल लावली. विमान सरळ डोंगरावर.

मागं ज्वारी निवडणारी त्याची बायको दीपमाला म्हणाली, "त्या डोंगरातून बोगदा तरी काढा आता कुणी."

"गप गं! फोल्डर साफ केलं, बोहनी केली, मंगच रेकॉर्ड लावलं. चुकलं कुठं?"

"बोहनी कावून मधी आली?"

कावून म्हणजे? दिवसाचा पहिला डाव मशीनचा. नाणं टाकायचं, हात जोडायचे आणि विमान मुद्दाम पडू द्यायचं. त्याशिवाय बंकटनं कधी खेळाला हात घातला नव्हता.

"आन् त्यो डाव जातो कुठं?" दीपमालानं विचारलं.

बंकटनं बोहनीचा एक डाव खेळून बंद केला, फोल्डर उघडलं आणि कपाळावर हात मारला. नवी फाइल तयार! एम्युलेटरनं बोहनीचा स्कोअर इमानदारीनं जपून ठेवला होता.

सेटिंगमध्ये मेमरी जपणं बंद करता येत होतं. बंकटचं बोट तिथं अडलं.

"मशीनला आठवलीच न्हाई, तर ती बोहनी कसली?"

"देवाला निवद दावता, त्यो खातो व्हय? तरी दावताच की!"

सेटिंग बंद. फोल्डर रिकामं. बोहनी. पुन्हा फोल्डर बघितलं, रिकामंच. मग रेकॉर्डिंग. हाताला इतका घाम की जॉयस्टिकचा दांडा निसटत होता. कसाबसा खेळ संपला. तो संपल्यावर खरी धास्ती. फाइल चालवून बघायची होती.

बंकटनं डोळे मिटले. "आलं का गं डोंगराला?"

"आलं."

"मंग?"

"गेलं की पल्याड!"

त्यानं डोळे उघडले, पण दीपमालानं ठेवलेल्या चहाला हात लावला नाही. अजून अख्खा खेळ बाकी होता. दांड्याला कुणाचाच हात नव्हता, तरी विमान वळायचं तसा बंकट स्टुलावर वळत होता, आणि झेरॉक्सला आलेलं गिऱ्हाईक आधार कार्ड धरून उभं होतं.

शत्रूचं शेवटचं विमान फुटलं तेव्हा त्यानं फाइल पाठवली. मग गिऱ्हाइकाला विचारलं, "दोन्ही बाजू काढायच्या?"