कुठूनही निघा, नारळाचं बेट

हयवदनअण्णांनी जन्मभर सगळं लोकांना विचारून केलं. म्हणजे विचारायचं, आणि मग आपल्याला हवं तेच करायचं. बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात मॅनेजर असताना ते सभा घेत, ‘मोकळेपणानं सूचना द्या’ म्हणत, आणि निर्णयाचं सर्क्युलर सभेआधीच टाइप होऊन खणात पडलेलं असे. घरी तोच थाट. ‘अहल्या, मैसूर की तिरुपती? तूच सांग.’ बायको बिचारी मैसूर म्हणाली की, ‘सरी, ठीक, मैसूर! पण वाटेत तिरुपती करू.’ बेंगळुरूहून मैसूरला जाताना तिरुपती वाटेत कसं लागतं, ते त्या व्यंकटेशालाच ठाऊक!

निवृत्त झाले आणि पंचाईत झाली. घरात विचारायला माणूस एकच, आणि अहल्याबाईंनी उत्तर द्यायचं केव्हाच सोडलेलं. अशात कळलं, बेंगळुरूतल्याच कोरमंगलात पुण्याहून आलेल्या अंजलीनं मुलांचं वाचनालय काढलंय आणि तिला रविवारी गोष्टी सांगणारं कुणी तरी हवंय. गोष्टी समुद्री चाच्यांच्या, पण पुढे काय होणार ते मुलांनी ठरवायचं.

‘इंटरॅक्टिव्ह, काका!’ अंजली म्हणाली.

‘अगं, मी जन्मभर तेच केलं,’ अण्णा म्हणाले. आणि गंमत म्हणजे, त्यांना तसं अगदी मनापासून वाटत होतं.

डोक्याला काळा रुमाल बांधून अण्णा कप्तान झाले. ‘मुलांनो, जहाज उजवीकडे न्यायचं की डावीकडे?’ मुलं ओरडली, ‘डावीकडे!’ ‘शाब्बास! डावीकडे वळलं, तोच वादळ आलं, आणि जहाज थेट उजवीकडच्या नारळाच्या बेटावर!’ पुढच्या रविवारी मुलांनी देवमाशाच्या पोटात जायचं ठरवलं. माशाला शिंक आली, नारळाचं बेट. कुणी चंद्रावर निघालं, तर दोर तुटला आणि खाली पुन्हा नारळाचं बेट. तिथे झाडाखाली पेटी, पेटीत सोनं, आणि शेवटी सोन्याहून मोलाची शिस्त. अहो, चाच्यांना शिस्त!

मुलं काही पगारी कामगार नव्हती. ती यायची कमी झाली. शेवटी अंजली म्हणाली, ‘काका, सॉरी, पण पेरेंट्स म्हणतायत सगळ्या स्टोरीज सेमच आहेत. या संडेलाही मुलांना काही करू दिलं नाहीत, तर हा स्लॉट रोबोटिक्स क्लासला द्यावा लागेल.’

अख्ख्या आठवड्यात हा एवढाच तास होता, की अण्णांनी प्रश्न विचारला तर कुणी तरी उत्तर देई. तोही गेला तर माणसानं दिवसभर भिंतीशी बोलायचं काय?

रविवारी मोजकीच पोरं आली होती. अण्णांनी घसा खाकरला. ‘सांगा, आज कुठे जायचं?’

आठ वर्षांची शाल्मली उभी राहिली. ‘आधी कप्तान बदलायचा.’

‘सरी, सरी! पण मग जुन्या कप्तानाचं...’

‘त्याला नारळाच्या बेटावर सोडायचं. त्याला ते फार आवडतं.’

पोरांनी एकच गिल्ला केला. अण्णांना कोपऱ्यातल्या सतरंजीवर बसवलं, रुमाल काढून शाल्मलीच्या डोक्यावर बांधला, आणि जहाज हाकारलं. ‘इतक्यात वादळ...’ अण्णांनी तोंड उघडलं. ‘बेटावरचं जहाजावर ऐकू येत नाही,’ शाल्मलीनं बजावलं.

मग काय विचारता! पोरांनी शार्कला स्वयंपाकी नेमलं. जगातले सगळे सोमवार चोरणारी एक राणी निघाली, तर तिला पकडायचं सोडून हे चोर तिच्या मदतीला धावले. अण्णा आधी रुसले, मग त्यांनी कान टवकारले, मग हळूच गुडघ्यांवर पुढे सरकले. पुढचं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं, आणि जीव नुसता उतावीळ झाला होता. राणीच्या गुहेचं दार पोरांनी ढकललं, आणि तास संपला.

‘काका, अमेझिंग! स्लॉट तुमचाच,’ अंजली म्हणाली. अण्णांचं तिकडे लक्षच नव्हतं. चपला घालणाऱ्या शाल्मलीला त्यांनी दारात गाठलं.

‘अगं, स्वल्प थांब. त्या गुहेत काय होतं?’

‘अजून ठरलंच नाहीये.’

‘ठरलं नाही?’ अण्णा हबकलेच. ‘मग दार उघडलंत कशाला?’

‘बघायला,’ शाल्मली म्हणाली, आणि जिना उतरून गेली.